मुलीचा मोबाईल काढून घेऊ नका

दहावीतल्या एखाद्या मुलीच्या फोटोखाली कुणीतरी घाणेरडा मजकूर लिहितो आणि तो वर्गातल्या मुलांच्या ग्रुपवर टाकतो. तिथून तो गल्लीच्या ग्रुपवर येतो आणि दोन दिवसांत तिच्या भावाच्या मोबाईलवर पोहोचतो. पुढे घरात काय होते ते वस्तीत राहणाऱ्याला सांगायला नको. आधी मुलीला दोन थपडा बसतात. मग तिचा मोबाईल काढून घेतला जातो, क्लास बंद होतो. घरातली माणसे फारच घाबरली असतील तर आत्याला फोन जातो, एखादे स्थळ बघून ठेव म्हणून. ज्याने मजकूर लिहिला तो मात्र नाक्यावर मोबाईल घेऊन बसलेला असतो. त्याच्या घरी कुणी गेलेच, तर 'पोरं आहेत, मस्करी केली असेल' एवढ्यावर विषय मिटतो.

मोबाईलवरून मुलांनी मुलांचा असा छळ करण्याला सायबर बुलिंग म्हणतात. आपण साधे 'मोबाईलवरचा छळ' म्हणू. याबद्दल माझे मत असे की, आपण शिक्षा चुकीच्या मुलाला देतो. आणि ती देतो म्हणूनच पुढच्या वेळी मुले आपल्याला काही सांगत नाहीत. 'आईला कळले तर मोबाईल जाईल, शाळा जाईल' ही भीती छळ करणाऱ्यालाही ठाऊक असते. तो त्याच भीतीवर जगतो. 'तुझ्या बापाला स्क्रीनशॉट पाठवीन' या धमकीत जोर येतो तो आपल्यामुळे.

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. मूल सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखते म्हणते. डोके धरून बसते. रात्री उशिरापर्यंत झोपत नाही, जेवण अर्धे टाकते, मोबाईल वाजला की दचकते. दवाखान्यात नेले तर ॲसिडिटीची गोळी मिळते, रक्त तपासले तर सगळे ठीक येते. अशा दुखण्यामागे इतर कारणे असू शकतात, पण मोबाईलवरचा छळ हे एक कारण असू शकते हे आपल्या डोक्यातच येत नाही. ३० देशांतल्या दीड लाखाहून अधिक मुलांचे अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांचा असा छळ झाला त्यांच्यात स्वतःला इजा करून घेण्याचे आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचे प्रमाण इतर मुलांच्या दुपटीहून जास्त आढळले. त्याच आढाव्यात आणखी एक गोष्ट होती, जिची चर्चा कमी होते. छळ करणाऱ्या मुलांच्या मनातही आत्महत्येचे विचार इतर मुलांपेक्षा जास्त आढळले. म्हणजे या व्यवहारात धडधाकट असे कुणीच राहत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२४ मध्ये ४४ देश-प्रदेशांतल्या शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर ६ मुलांमागे एकाने आपला ऑनलाइन छळ झाल्याचे सांगितले आणि दर ८ मुलांमागे एकाने आपण दुसऱ्याचा छळ केल्याचे कबूल केले. हे आकडे तिकडचे आहेत, आपली चाळ आणि आपली झोपडपट्टी त्यात नाही. पण पोटभर जेवणाऱ्या, मोठ्या घरांत राहणाऱ्या मुलांतही हे इतके असेल, तर 'आपल्या वस्तीचे वळणच वाईट' हे बोलणे तरी आपण थांबवले पाहिजे. दिल्लीतले मे २०२० चे प्रकरण अनेकांना आठवत असेल. नामांकित, महागड्या शाळांतल्या मुलांनी इन्स्टाग्रामवर ग्रुप काढून ओळखीच्या अल्पवयीन मुलींचे फोटो टाकले होते आणि त्यावर अश्लील चर्चा चालवली होती. ती मुले कुठल्या नाल्याकाठच्या वस्तीतून आलेली नव्हती.

आता मस्करी आणि छळ यांतला फरक. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९७० च्या दशकापासून शाळेतल्या छळाचा अभ्यास केला. त्यांनी तीन खुणा सांगितल्या: दुखवण्याचा हेतू असणे, ते पुन्हा पुन्हा होणे आणि दोघांची ताकद सारखी नसणे. दोन मित्र एकमेकांना शिव्या घालतात, दोघेही हसतात, दोघेही थांबू शकतात, ती मस्करी. एकाला थांबवता येत नाही, तो छळ. मोबाईलने यातली दुसरी खूण बदलून टाकली. टाकणारा एकदाच टाकतो, पुन्हा पुन्हा करण्याचे काम बाकीचे शंभर जण फॉरवर्ड करून करतात. 'मी तर एकदाच टाकले' हे त्याचे म्हणणे खरे असते, आणि तरी तिच्यासाठी ते रोज नव्याने घडत असते. ताकदीचेही तसेच. मोबाईलवर ताकद म्हणजे दंड नव्हेत. कुणाचे फॉलोअर जास्त आहेत, कुणाकडे कुणाचा फोटो आहे, कुणाची जात वरची आहे आणि कोण मुलगा आहे, कोण मुलगी, यावर ती ठरते.

मग मुले असे का करतात? 'संस्कार कमी पडले' हे उत्तर सोपे आहे, पण त्याने काहीच कळत नाही.

तेरा ते सोळा हे वय असे असते की आईबापाच्या मतापेक्षा बरोबरीच्या पोरांचे मत मोठे वाटते. हा उद्धटपणा नाही, त्या वयाच्या मेंदूची वाढच तशी होत असते. बक्षिसाची, कौतुकाची ओढ आधी जोर धरते आणि थांबून विचार करणारा भाग मागाहून पक्का होतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकारी मार्गो गार्डनर यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम होता. किशोरवयीन मुले एकटी खेळली तेव्हा त्यांनी बेताने धोके घेतले. बाजूला मित्र बघत उभे राहिले तेव्हा त्या वयाची मुले जवळपास दुप्पट धोके घेऊ लागली. मोठ्या माणसांवर बघणाऱ्यांचा असा परिणाम झाला नाही. मोबाईलवर तर बघणारे चोवीस तास उभेच असतात. एखाद्याची टर उडवली की हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते, पंधरा मिनिटांत चाळीस लाईक येतात. घरी ज्याला कुणी शाबास म्हणत नाही आणि शाळेत जो शेवटच्या बाकावर बसतो, त्याला हे चाळीस लाईक काय वाटत असतील याचा विचार करा.

दुसरी गोष्ट समोरच्याचा चेहरा न दिसण्याची. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये लिहिले की पडद्याआड गेल्यावर माणसाचा संकोच सुटतो. समोरचे मूल रडते आहे हे दिसले तर बहुतेक मुले थांबतात, मोबाईलवर ते रडणे दिसत नाही. पण मला वाटते आपल्या वस्तीत हे अर्धेच लागू पडते. आपल्याकडे छळ करणारा अनोळखी क्वचितच असतो. तो त्याच वर्गातला, त्याच नळावरचा असतो, कधी तर कालपर्यंतचा जिवलग मित्र असतो. त्याला लपायचे नसते, उलट हे आपण केले हे कळावे असेच त्याला वाटत असते. अशा वेळी मन एक वेगळी युक्ती करते. अल्बर्ट बांडुरा यांनी ती नीट मांडली आहे: वाईट कामाला गोड नाव द्यायचे, दोष दहा जणांत वाटून टाकायचा आणि समोरच्याला माणूसच धरायचे नाही. आपल्या पोरांची गोड नावे कोणती? 'रोस्ट', 'कंटेंट', 'मजा', 'भावा, चिल मार'. दोष वाटायचा तर 'मी बनवले नाही, मला आले ते मी पुढे ढकलले.' आणि समोरच्याला माणूस न धरण्यासाठी त्याला एखादे नाव ठेवले की काम भागते: जाड्या, काळी, बायल्या.

छळ म्हणजे फक्त शिव्या असेही नाही. सगळ्या मैत्रिणींनी नवा ग्रुप काढायचा आणि एकीलाच बाहेर ठेवायचे, तिच्या मेसेजला कुणी उत्तर द्यायचे नाही, हाही छळच. मोठ्यांना हे क्षुल्लक वाटते. २००३ मध्ये नेओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी माणसांना संगणकावर चेंडू टाकण्याचा खेळ खेळायला दिला आणि खेळता खेळता त्यांना चेंडू देणे बंद केले. मेंदूचे चित्रण केले तेव्हा शरीराला दुखापत झाल्यावर त्रासाशी जोडलेला जो भाग जागा होतो, तोच भाग जागा झालेला दिसला. हा नुसता खेळातला चेंडू होता. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला परदेशातल्या प्रयोगाने शिकवायची गरज नाही, पण आपल्याच मुलीला मैत्रिणींनी वाळीत टाकले तर 'त्यात काय एवढे' असे आपणच म्हणतो.

आणि जात. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, हे आपल्या घराघरात माहीत आहे. आज वर्गात गोणपाट नाही, तरी वर्गाच्या ग्रुपवर मूल वेगळे बसवता येते. दहावीचा निकाल लागला, अकरावीच्या प्रवेशाच्या याद्या लागल्या की आरक्षणावरचे विनोद फिरू लागतात. 'तुला काय टेन्शन, तुमचे तर कमी मार्कांत होते.' एप्रिलमध्ये मुलाने निळा झेंडा स्टेटसला ठेवला की त्यावर हसणाऱ्या इमोजी येतात. आडनाव विचारले जाते. हे सगळे गमतीच्या स्वरात चालते, त्यामुळे चिडले तर 'तू फारच मनाला लावून घेतोस' हा दोषही मुलाच्याच माथी.

अशा वेळी मुले दोन वाटांनी जातात. काही जण लपतात. स्टेटस बदलतात, आडनावाऐवजी नुसते पहिले नाव लावतात, चौदा एप्रिलला मिरवणुकीतला फोटो टाकू नको असे बहिणीला सांगतात. आईबापाला वाटते, पोराला समाजाची लाज वाटायला लागली. तसे नसते, ते घाव चुकवत असते. दुसरी काही मुले उलट शिव्या घालतात, धमक्या देतात, आणि मग स्क्रीनशॉट त्यांच्याच विरुद्ध शाळेत जातो. सुरुवात कुणी केली हे तेव्हा कुणी विचारत नाही. म्हणून मुलांना हे आधीच सांगून ठेवायला हवे: जातीवरून कुणी बोलला तर उत्तर देऊ नकोस, पुरावा ठेव आणि आमच्याकडे ये. ही शरणागती नाही. १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लोकांसमोर केलेल्या जातीय अपमानाला गुन्हा मानतो. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका यूट्यूब मुलाखतीच्या प्रकरणात अटकपूर्व जामीन नाकारताना, इंटरनेटवर टाकलेला असा अपमान हाही लोकांसमोर झालेला अपमान ठरतो, असे म्हटले. उघड पोस्ट, रील, कमेंट यांचा पुरावा म्हणून कामाचा असतो. उलट शिवी देऊन मूल तो पुरावा स्वतःच कमजोर करते.

पण इथे थांबलो तर अर्धेच बोलल्यासारखे होईल. आपली मुले फक्त सोसतात असे मानणे सोयीचे आहे. ती करतातही. मातंग, वडार, पारधी मुलांची नक्कल आपल्या मुलांनी केलेली वस्तीत पाहायला मिळते. मुंबईत उत्तरेकडून आलेल्या पोराला 'भैया' म्हणून पिडले जाते, मुसलमान पोराला आणखी काही. ज्या मुलाचा बाप गटारात उतरतो त्याचे व्हिडिओ त्याचेच वर्गमित्र काढतात, आणि त्यात आपली पोरे असतात. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते हेच: वरून लाथ बसली तरी खाली लाथ मारायला कुणीतरी मिळते, म्हणून व्यवस्था टिकते. मानसशास्त्रातही याची नोंद आहे. ज्या मुलांचा छळ होतो त्यातली काही स्वतः छळ करू लागतात आणि दोन्हीकडे असणाऱ्या या मुलांची मानसिक अवस्था सगळ्यांत वाईट असते. दारू प्यालेल्या बापाचा मार खाणारा, शिक्षकाने वर्गासमोर 'तुझ्याच्याने काय होणार' म्हटलेला मुलगा रात्री फेक अकाउंट उघडून कुणा मुलीला रडवतो. त्याने चूक केली आहे, त्याला ते कळलेच पाहिजे. पण त्याला बापाने आणखी बदडले तर तो त्यातून एकच गोष्ट शिकेल, की ज्याच्या हातात ताकद आहे त्याने मारायचे असते.

आणि आपण मोठी माणसे? सकाळी 'जयभीम, सुप्रभात' आणि दुपारी त्याच ग्रुपवर कुणाच्या तरी लेकीचा पळून गेल्याचा व्हिडिओ. दोन मंडळांचे भांडण झाले की एकमेकांच्या बायकापोरींवर उतरणाऱ्या पोस्ट, निवडणूक आली की पोरांना हाताशी धरून विरोधकाची टिंगल करणारे रील. पोरे हे सगळे वाचतात. घरात एकच मोबाईल असेल तर वडिलांचा ग्रुप मुलगाच आधी उघडतो. सम्यक वाचेत बाबासाहेबांनी निंदा, चहाडी आणि शिवीगाळ टाळायला सांगितले, ते आपण रविवारी ऐकतो. मोबाईलवर टाइप केलेले शब्द वाचेत मोडत नाहीत असा आपला समज झालेला दिसतो.

मोबाईलचेही थोडे बोलू. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली आणि कर्ज काढून, हप्त्याने घराघरात स्मार्टफोन आले. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे आणि एक-दोन मोबाईल. तिथे मुलांना एकांत नाही. पासवर्ड सगळ्यांना माहीत, मेसेज कुणीही वाचतो, रडायचे झाले तरी संडासच्या रांगेत किंवा गच्चीवर जावे लागते. त्यामुळे तज्ज्ञांचे पुस्तकी सल्ले, 'मुलाच्या खोलीत मोबाईल ठेवू नका' वगैरे, आपल्या कामाचे नाहीत. आपल्याला वेगळ्या गोष्टी कळायला हव्यात. सिमकार्ड वडिलांच्या नावावर असते, तेव्हा मुलाने केलेल्या उद्योगाची पहिली चौकशी वडिलांकडे येते. आणि मोबाईल काढून घेतला तरी फोटो फिरायचा थांबत नाही. फक्त तो कुठे फिरतो आहे हे मुलीला कळेनासे होते, पुरावा गोळा करता येत नाही, आणि तिच्या बाजूने बोलणारी एखादी मैत्रीण असेल तर तिच्याशीही संबंध तुटतो. अभ्यासाचे मेसेजही त्याच मोबाईलवर येत असतात. म्हणून मी म्हणतो, मोबाईल काढू नका. रात्री दहानंतर सगळ्यांचे मोबाईल, बापाचा धरून, मांडणीवर ठेवायचा नियम केला तर तो वेगळा. तो झोपेसाठी आहे, शिक्षेसाठी नाही, आणि मुलांना हा फरक बरोबर कळतो.

माझ्या मते सर्वांत जास्त जोर तिसऱ्याच मुलांवर द्यायला हवा, म्हणजे जी ना छळ करतात ना सोसतात, नुसती बघतात. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९० च्या दशकात दाखवले की छळ हा दोघांचा मामला नसतो. सोबत करणारे असतात, हसून हवा देणारे असतात, गप्प राहणारे असतात आणि थोडे बाजू घेणारेही असतात. बघणारे हसले तर छळ वाढतो, कुणी बाजू घेतली तर कमी होतो. या अभ्यासावर तिथे 'किवा' नावाचा कार्यक्रम तयार झाला आणि २००९ पासून तो देशभरच्या शाळांत पसरला. त्यात शिक्षक सगळ्या वर्गासोबत काम करतात, फक्त गुंड मुलाला पकडून उपदेश करत नाहीत. तो गाडीच्या खेळाचा प्रयोग आठवा. बघणाऱ्यांमुळे जर मूल दुप्पट धोका घेते, तर बघणाऱ्यांनी पाठ फिरवली की त्यातली मजाही ओसरते. आपल्या मुलाला आपण इतकेच शिकवू शकतो: लाईक करू नको, हसू नको, पुढे ढकलू नको, आणि ज्याची टिंगल चालली आहे त्याला एकट्याला मेसेज कर की मी तुझ्या बाजूने आहे. भर ग्रुपमध्ये भांडायला सांगू नका. ते चौदा वर्षांच्या पोराला झेपत नाही, त्यात तोच पुढचा लक्ष्य होतो.

आता प्रत्यक्ष काही झाले तर. मूल सांगायला आले की पहिले वाक्य 'तू त्याला फोटो दिलासच का' हे नसावे. दिला असेल. विश्वासाने दिलेला फोटो पसरवणे हा पसरवणाऱ्याचा गुन्हा आहे. शांतपणे ऐका, मग स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्यात तारीख, वेळ आणि अकाउंटचे नाव दिसले पाहिजे, पोस्टची लिंकही जपून ठेवा. त्यानंतर ब्लॉक आणि रिपोर्ट. एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीचा नग्न किंवा अश्लील फोटो असेल तर तो 'बघा काय केले' म्हणून नातेवाइकांना, नगरसेवकाला, कुणालाही पाठवू नका. असा फोटो बाळगणे आणि पुढे पाठवणे हाच पोक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी अडचण होऊ शकते. अकाउंटचे नाव आणि लिंक नोंदवा आणि थेट पोलिसांना दाखवा. असे फोटो इंटरनेटवर पुन्हा चढू नयेत म्हणून 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. त्यात फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, मोबाईलवरच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सेवेत सामील कंपन्या त्या ठशावरून फोटो शोधून काढून टाकतात.

स्क्रीनशॉटवर डोळे झाकून विश्वासही ठेवू नका. दिल्लीच्या त्याच प्रकरणात अत्याचाराच्या बेताचे एक संभाषण त्या ग्रुपचे म्हणून देशभर फिरले. पोलीस तपासात निघाले ते असे की त्याचा त्या ग्रुपशी संबंध नव्हता, आणि एका मुलीनेच मुलाच्या खोट्या नावाने ते लिहिले होते. ज्याला लिहिले त्या मुलाने उलट नकार दिला होता. तोवर लोकांचा निकाल लावून झाला होता. वस्तीत असा स्क्रीनशॉट आला की पोरे काठ्या घेऊन निघतात, आणि त्या मारहाणीचाही व्हिडिओ निघतो.

वर्गातल्या चिडवण्याची, ग्रुपमधून वगळण्याची गोष्ट शाळेत मिटू शकते. महाराष्ट्रात २०२२ च्या शासन निर्णयाने शाळांमध्ये सखी सावित्री समित्या नेमायच्या आहेत. आपल्या शाळेत ती आहे का, तिच्यात कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, हे पालकसभेत विचारा. बहुतेक पालकांना हे नावही माहीत नसते. पण लैंगिक फोटो, त्यावरून धमकी किंवा पैसे मागणे, जातीवरून अपमान, हे चार जुन्याजाणत्यांनी बसून मिटवायचे नाही. पोक्सोचा गुन्हा माहीत असून न कळवणे हाही गुन्हा आहे, आणि अशा बैठकीत शेवटी मुलीलाच 'नीट वाग' म्हटले जाते. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. पोक्सोखाली मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो, पोलिसांनी त्या वेळी गणवेशात नसावे असे कायदाच सांगतो. मुलीला ठाण्यात तासन्‌तास बसवून ठेवले तर हे ऐकवा. आणि छळ करणारा अठरा वर्षांखालचा असेल तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. त्याचे नाव, फोटो स्टेटसला लावून फिरवणे हाही कायद्याने गुन्हा आहे, कितीही राग आला तरी.

मूल खाणेपिणे सोडू लागले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नका आणि 'नाटक करते' असे म्हणू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. राज्यातल्या अनेक सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक चालते, तिथे समुपदेशक असतात. मानसिक उपचार म्हटले की 'पोरगी वेडी आहे का' ही कुजबूज सुरू होते, म्हणून अनेक जण जात नाहीत. मैत्री क्लिनिकला जाताना कुणाला काही सांगायची गरज नाही, केसपेपर काढायचा आणि जायचे.

विहाराच्या समित्यांनाही यात एक काम आहे आणि ते खर्चाचे नाही. वर्षावासात ग्रंथवाचनाला मुले येतात. त्यातला एक रविवार त्यांना द्यावा, मैत्री क्लिनिकच्या समुपदेशकाला बोलवावे आणि तासभर तरी मोठ्यांनी, विशेषतः अध्यक्षांनी, बाहेर थांबावे. मोठे समोर असले की मुले बोलत नाहीत. बाहेरच्या फलकावर लहान मुलांसाठीचा १०९८, टेलिमानसचा १४४१६ आणि अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनचा १४५६६ हे तीन नंबर मोठ्या अक्षरांत लिहावेत. आमच्याकडच्या फलकावर अजून गेल्या जयंतीच्या वर्गणीचा हिशोब आहे. तो आता पुसायला हरकत नाही.